मासीमा प्रमोटर झाल्या

कोलकात्यात बिल्डरला प्रमोटर म्हणतात, आणि आमच्या घरमालकीणबाई हा शब्द शिवीसारखा वापरत. गल्लीत कुणी दुसऱ्याच्या दारासमोर वाळू ओतली की गॅलरीतून त्यांचा आवाज यायचा, "प्रमोटर आहेस का तू?" नव्या कायद्यानं त्यांनाच प्रमोटर ठरवलं, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

मी त्यांना मासीमा म्हणत असे. इथं वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. कसब्यात वडिलांनी बांधलेल्या दुमजली घरात तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या आणि वरचा मजला आम्हाला भाड्यानं दिलेला होता. माझा नवरा सरकारी बँकेत. पुण्याहून त्याची बदली झाली तेव्हा दोन-तीन वर्षांत परत येतो असं घरी सांगून निघालो होतो. मग मला सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. नवऱ्याची पुढची बदली झाली ती बजबजला, म्हणजे बालीगंजहून लोकलनं जाऊन-येऊन करता येईल अशी, आणि परत जाण्याचा विषय आपोआप मागे पडला. मुलगी इथल्या शाळेत जायला लागली. ती आमच्याशी मराठीत बोलते, पण भांडते बंगालीत.

घरमालकीण म्हणून मासीमा कडक होत्या. भिंतीला खिळा ठोकायचा तर आधी विचारायचं, गच्चीवरच्या कुठल्या दोरीवर कुणाचे कपडे हे ठरलेलं. अकरा महिन्यांचा करार संपला की नवा करायला त्या इस्त्रीची साडी नेसून वर यायच्या. सह्या झाल्या की पिशवीतून संदेश मिठाईचा पुडा काढून टेबलावर ठेवायच्या. बोलणं हिंदीत सुरू व्हायचं आणि दोन वाक्यांनंतर बंगालीत जायचं. मला तोवर सगळं कळायला लागलं होतं.

घराच्या छतातल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. एका रविवारी गिलाव्याचा मोठा तुकडा आमच्या ओट्यावर पडला. मी खाली सांगायला गेले, तर मासीमा शांतपणे म्हणाल्या, "माझ्याकडे परवा उशीवर पडला. मी तेव्हा आंघोळीला गेले होते म्हणून बरं." त्या आठवड्यात त्यांनी घर पाडायला द्यायचं ठरवलं.

इथली पद्धत अशी की मालकानं जमीन द्यायची, प्रमोटरनं स्वतःच्या खर्चानं इमारत उभी करायची, आणि फ्लॅट वाटून घ्यायचे. मासीमांनी निवडलेला प्रमोटर त्याच गल्लीत वाढलेला होता. लहानपणी त्यांच्याकडे शिकवणीला यायचा, अजून त्यांना दीदिमणी, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, म्हणायचा. चाळिशीचा, पोट थोडं सुटलेला, सदा स्कूटरवर. त्या भागात त्यानं चार-पाच छोट्या इमारती बांधल्या होत्या. या वेळी त्यानं शेजारचा रिकामा प्लॉटही मिळवला आणि दोन्ही मिळून एक मोठी इमारत करायचं ठरवलं. घरात निम्मा हिस्सा मासीमांच्या धाकट्या भावाचा होता. तो बराकपूरला राहायचा. कागदपत्रांचं काम निघालं की तो सकाळच्या गाडीनं सियालदहला उतरून यायचा, जेवायचा आणि संध्याकाळी परत जायचा. बहिणीपेक्षा अगदी वेगळा. मोकळा, हसरा, कुठल्याही गोष्टीला हो म्हणणारा.

एका शनिवारी प्रमोटर सह्यांसाठी आला. मला मासीमांनी खाली बोलावून घेतलं होतं, कारण मी कॉम्प्युटरवाली, तेव्हा मला कायदाही कळत असणार असा त्यांचा समज होता.

"दीदिमणी, इथं सही करा. इथं, प्रमोटर लिहिलंय त्याच्याखाली."

"प्रमोटर तू आहेस," मासीमा म्हणाल्या.

"मी आहेच. तुम्हीही आहात. नव्या कायद्यात जो बांधतो तोही प्रमोटर, आणि जो विकतो तोही. तुमच्या वाट्यातले दोन फ्लॅट तुम्ही विकणार ना?"

"मी बापाचं घर दिलं. मी काय विटा रचणार आहे?"

"कायदा ते विचारत नाही."

मासीमांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलवर कायदा उघडून वाचला आणि जमेल तसा समजावून सांगितला. दोघंही सारखेच जबाबदार. ताबा द्यायला उशीर झाला, कबूल केलं त्याहून वेगळं बांधलं, पुढे भिंत गळायला लागली, तर फ्लॅट घेणारा दोघांच्याही विरुद्ध तक्रार करू शकतो.

"म्हणजे यानं चूक केली तर मला धरणार."

"हो."

"आणि मी चूक केली तर याला?"

"त्यालाही."

"हे एक बरं आहे," त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. अख्खा कायदा छापून आण म्हणाल्या. मी ऑफिसातून छापून आणला. पुढचे काही आठवडे रोज दुपारी त्या हातात पेन्सिल घेऊन तो वाचत बसायच्या, पूर्वी उत्तरपत्रिका तपासायच्या तशा. मधूनच जिन्यातून हाक यायची, अमुक शब्दाचा अर्थ काय म्हणून. वाचून झाल्यावर त्यांनी प्रमोटरला बोलावून सही केली आणि त्याला म्हणाल्या, "मी आता नुसती जमीनवाली नाही. काम बघायला येणार."

तो हसला. त्याला ते गमतीचं वाटलं असावं.

त्यांच्या विकायच्या दोन फ्लॅटांतला एक आम्ही घ्यायचा, हे त्यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. माझा नवरा बँकेतला माणूस, त्याला शब्दावर राहणं जमत नाही. काहीतरी आगाऊ देऊन पक्कं करून टाकू म्हणाला. प्रमोटरनंच त्याला थांबवलं.

"नंबर येईपर्यंत काही घेता येत नाही, दादा. बुकिंग नाही, जाहिरात नाही, पाटीसुद्धा लावायची नाही."

नंबर म्हणजे नोंदणीचा. प्रकल्प सरकारी प्राधिकरणाकडे नोंदवायचा, मंजूर नकाशा त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, आणि मगच फ्लॅट विकायला काढायचे. याआधीच्या इमारतीचे निम्मे फ्लॅट त्यानं मिठाईच्या दुकानात टांगलेल्या एका चित्रावर विकले होते. हे त्यानंच सांगितलं, तेही न लाजता. "चित्रात झाड होतं, कारंजं होतं. लोक झाड बघून पैसे द्यायचे."

घेणाऱ्यांच्या पैशांतला मोठा भाग आता वेगळ्या खात्यात ठेवावा लागत होता आणि जेवढं काम झालं तेवढाच काढता येत होता. या नियमानं प्रमोटरच्या धंद्याची घडीच विस्कटली. पूर्वी एका इमारतीचे पैसे आले की दुसऱ्या इमारतीचा पाया खणला जायचा. सगळेच तसं करायचे. कसब्यापासून गडियापर्यंत नुसते खांब आणि स्लॅब उभे असलेले कितीतरी सांगाडे मी बसमधून बघत आले होते. ते असे का उभे आहेत, हे मला तेव्हा कळलं. पण प्रमोटरचंही एक म्हणणं होतं.

"कायदा चांगला आहे, दीदी. मी वाईट म्हणत नाही. पण मोठ्या कंपनीत वकील असतो, हिशेबनीस असतो, दर तीन महिन्यांनी माहिती भरायला ऑफिसात माणसं बसलेली असतात. माझ्याकडे मी आणि माझी स्कूटर."

मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

नंबर आला, रीतसर करारावर सह्या झाल्या. आम्ही वरचा मजला रिकामा करून सॉल्ट लेकला भाड्यानं गेलो. मासीमाही भाड्यानं गेल्या, दोन गल्ल्या पलीकडे, एका नव्या इमारतीत. वडिलांचं घर सोडून त्या पहिल्यांदाच दुसऱ्याच्या घरात राहत होत्या. महिन्याभरानं भेटायला गेले तर त्यांच्या वडिलांचा फोटो खुर्चीवर भिंतीला टेकवून ठेवलेला. मालक खिळा ठोकू देत नाही म्हणाल्या.  मग जरा वेळानं म्हणाल्या, "तुला मी कॅलेंडरसाठीसुद्धा नाही म्हटलं होतं ना?"

"हो."

"ती भिंत मजबूत नव्हती," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी चहा प्यालो.

काम बघायला येणार असं त्या म्हणाल्या होत्या, ते त्यांनी खरं केलं. रोज सकाळी छत्री घेऊन त्या बांधकामावर जायच्या. प्रमोटरनं त्यांना पिवळं हेल्मेट दिलं, तेही घालायच्या. तासभर उभ्या राहायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. स्लॅबवर पाणी मारलं नसेल तर मात्र पाणी सुरू होईपर्यंत हलायच्या नाहीत. गल्लीतले लोक त्यांना प्रमोटर-दीदिमणी म्हणायला लागले. सुरुवातीला त्या चिडायच्या. पुढे कुणी तसं म्हटलं की फक्त मान हलवायच्या.

खरा पेच आला तो चौथ्या मजल्याचा स्लॅब ओतून झाल्यावर. नकाशात तेवढेच मजले होते. प्रमोटरला वर आणखी एक मजला चढवायचा होता. सिमेंट-सळई महागली होती, खात्यातले पैसे हलवता येत नव्हते, आणि ठरलेल्या भावात हाती काही उरणार नव्हतं. जास्तीचा मजला झाला तर सगळं सुटणार होतं. पूर्वी त्यानं असा मजला आधी बांधला असता आणि मग दंड भरून नियमित करून घेतला असता. आता नकाशा सगळ्यांना दिसत होता. तो बदलायचा तर घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची लेखी संमती हवी, आणि अर्जावर दुसरी प्रमोटर म्हणून मासीमांची सही हवी.

संमत्या तो बऱ्यापैकी जमवत आला होता. कुणाला गच्चीवर बाग कबूल केली, कुणाला पार्किंगची चांगली जागा. आमच्याकडे आला तेव्हा नवरा मला म्हणाला, "देऊन टाक. आपल्या फ्लॅटला काय फरक पडतो?" मी विचार करते म्हणाले. त्या सुमारास शहरात इमारती कलल्याच्या बातम्या वाचनात आल्या होत्या, आणि आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. वर काय चढतंय याच्याशी माझा संबंध होता.

रविवारी सगळे मासीमांच्या भाड्याच्या घरी जमलो. बराकपूरहून भाऊ आला होता. त्याचा मुलगा बंगळूरला नोकरी करत होता आणि परत यायचं म्हणत होता. भावाला आपल्या वाट्याचे फ्लॅट विकायचे नव्हते, भाड्यानं द्यायचे होते, म्हणून प्रमोटरांत त्याचं नाव नव्हतं. मुलासाठी नव्या मजल्यावरचा एक जास्तीचा फ्लॅट त्याला देण्याचं प्रमोटरनं कबूल केलं होतं. भाऊ येताना मासे घेऊन आला होता आणि खूश होता.

"दीदी, तुझी एक सही," तो म्हणाला. "मुलगा जवळ राहील. म्हातारपणी आपल्या दोघांनाही आधार."

मासीमांनी प्रमोटरला विचारलं, "पाया किती मजल्यांचा धरून घातला?"

"पायाला नेहमीच थोडी जास्तीची ताकद असते, दीदिमणी."

"मी तुला शिकवणीत विचारायचे तसं विचारतेय. किती मजल्यांचा?"

"चार."

"पाचवा पेलेल असं इंजिनियर लिहून देईल?"

"देईल ना."

"मग त्याची सही आण. त्याच्याखाली मी करते."

भाऊ म्हणाला, "तू कशाला एवढं ताणतेस? तो बघेल ना. बांधणारा तो आहे."

"मीही आहे," मासीमा म्हणाल्या. "कागदावर त्याच्याइतकंच माझं नाव आहे. हिच्या मुलीच्या डोक्यावर छत पडलं तर लोक तुला नाही विचारणार, मला विचारतील."

 भाऊ उठून चपला घालायला लागला. जेवून जा म्हटलं तर थांबला नाही. मासे ओट्यावर तसेच पडून होते. प्रमोटर खाली बघत बसला होता. मी जाऊन मासे फ्रीजमध्ये ठेवले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

इंजिनियरनं लिहून दिलं नाही. मातीची पुन्हा तपासणी करा, काही खांबांना बाहेरून मजबुती द्या, मग बघू म्हणाला. त्याचा खर्च धरला तर नव्या मजल्यात काही राहत नव्हतं. प्रमोटर पुन्हा विचारायला आला नाही. माझी संमती द्यायची की नाही हे ठरवायची वेळच आली नाही, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर काम रेंगाळलं. कधी दोन गवंडी असायचे, कधी कुणीच नसायचं. ताब्याची कबूल केलेली तारीख उलटली. फ्लॅट घेणाऱ्यांतले काही तक्रार करू म्हणायला लागले, आणि त्यातल्या एकानं मासीमांना फोन करून बरंच ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या प्रमोटरच्या घरी गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. त्याच्या बायकोनं पुढे कधीतरी सांगितलं की दीदिमणी रागावल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या, आणि निघताना म्हणाल्या, "माझ्या वाट्यातला विकायचा दुसरा फ्लॅट लवकर विकते. ते पैसे इमारतीच्या खात्यात घाल आणि लिफ्ट बसव." त्यांनी तसं केलंही. लिफ्ट बसली, पाण्याची जोडणी झाली, महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला आला.

आम्ही राहायला गेलो. मासीमा पहिल्या मजल्यावर, आम्ही त्यांच्या वर, म्हणजे पूर्वीसारखंच. फरक एवढाच की आता भिंत आमची होती. गृहप्रवेशाला भाऊ आला. जेवला, मुलीच्या हातात खाऊ दिला, बहिणीशी कामापुरतं बोलला. मुलगा बंगळूरलाच राहिला होता. भावानं आपल्या वाट्याचे फ्लॅट भाड्यानं दिले आणि भाडेकरूंची काही अडचण आली की तो मासीमांनाच फोन करायचा. असे फोन होता होता दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. पाचव्या मजल्याचा विषय त्यांनी माझ्यासमोर तरी कधी काढला नाही.

वर्षभरानं आमच्या मधल्या खोलीत कपाटामागची भिंत ओली दिसायला लागली. वरच्या न्हाणीघराचा भिंतीतला पाइप झिरपत असणार. पाच वर्षांच्या आत बांधकामातलं असं काही निघालं तर प्रमोटरनं आपल्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचं, हे मला माहीत होतं. पण प्रमोटर दोन होते, आणि त्यातल्या एक खालच्या मजल्यावर राहत होत्या. मी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आणि आपणच प्लंबर बोलवावा असा विचार करत राहिले.

मुलीनं त्यांना सांगितलं. मासीमा वर आल्या, कपाटामागं वाकून बघितलं, भिंतीवर हात ठेवला.

"कळवलं का नाहीस?"

"तुमच्याही नावानं कळवावं लागलं असतं."

"मग? माझं नाव काय शोभेसाठी आहे?" त्या माझ्या खुर्चीवर बसल्या. "आम्हा दोघांना लेखी कळव. महिन्यात झालं नाही तर प्राधिकरणाकडे जा. कायद्यात तसंच आहे. मला वाईट वाटेल म्हणून ओल थांबणार आहे का?"

मी दोन पत्रं लिहिली. एक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मिळाल्याची सही करून दिली आणि लगेच प्रमोटरला फोन लावला.

तो पुढच्या रविवारी प्लंबर घेऊन आला. त्याला मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. पोट कमी झालं होतं. आता तो स्वतः इमारती बांधत नव्हता. न्यू टाऊनकडे एका मोठ्या कंपनीच्या बांधकामावर देखरेखीला होता. प्लंबर वरच्या न्हाणीघरातल्या फरशा फोडत होता, तेव्हा तो आमच्याकडे चहाला बसला.

"परत करणार नाही का स्वतःचं काही?" मी विचारलं.

"नाही, दीदी. आता ते मोठ्यांचं काम. तिथं नोंदणी, खातं, सगळं बघायला वेगळी माणसं आहेत. मी फक्त काम बघतो. महिन्याला पगार येतो. रात्री झोप लागते." जरा थांबून म्हणाला, "गल्लीत माझ्या नावानं लोक इमारती ओळखायचे. तेवढं आठवतं."

मासीमा दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं असावं. आत येऊन म्हणाल्या, "या इमारतीला एवढे दिवस झाले, एक तडा नाही गेला. तेही लोक ओळखतात." मग लगेच, "पाइप बदलल्यावर भिंत वाळू दे. ओल्या भिंतीवर रंग लावायचा नाही."

"नाही लावणार, दीदिमणी."

भिंत वाळायला बराच वेळ लागला. मासीमा अधूनमधून येऊन हात लावून बघायच्या. एका सकाळी त्यांनीच त्याला फोन करून सांगितलं की आता ये, आणि त्या रविवारी तो रंगाचा डबा घेऊन आला.